वरच्या मजल्यावरच्या उंच खिडक्या

प्रश्न : इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यातल्या हार्डविक हॉलच्या खिडक्या वर जाताना अधिकाधिक उंच का होत जातात?

उत्तर : श्रूजबरीच्या काउंटेस एलिझाबेथ, म्हणजेच ‘बेस ऑफ हार्डविक’, यांनी १५९० ते १५९७ या काळात बांधवून घेतलेल्या या वाड्यात तळमजला नोकरचाकरांचा, मधला मजला घरच्यांच्या नित्य वावराचा आणि सर्वांत वरचा मानाच्या पाहुण्यांच्या दालनांचा असल्याने, मजल्यांची उंची आणि खिडक्याही त्याच क्रमाने वाढत गेल्या. काच तेव्हा फार महाग होती, तरी इथे ती सढळ हाताने वापरली. म्हणूनच ‘भिंतीपेक्षा काच अधिक’ अशी या घराची ख्याती झाली. दर्शनी भागाची सममिती राखण्यासाठी काही खिडक्यांमागे चक्क धुराडी दडवलेली आहेत. आराखडा रॉबर्ट स्मिथसन यांचा मानला जातो. मनोऱ्यांच्या माथ्यावर मात्र बाईंनी स्वतःची ‘ई. एस.’ (एलिझाबेथ श्रूजबरी) ही आद्याक्षरे दगडात घडवून घेतली. संकोच हा त्यांचा स्वभाव नसावा!