एल निनोच्या बातमीवरून सोयाबीनची पेरणी ठरवावी काय?

प्रश्न : यंदा एल निनो आहे असे ऐकतो. पॅसिफिक महासागर तापला तर माळव्यातला पाऊस का घटावा? पेरणी पहिल्याच पावसावर उरकून घ्यावी, की सोयाबीन सोडून मका धरावा? (इंदूर जिल्ह्यातील सांवेर व देपालपूर तहसिलींतील शेतकरी)

उत्तर : तापलेल्या दुधावर फुंकर घातली की साय पलीकडच्या काठाला जमते आणि अलीकडे खालचे दूध उघडे पडते. विषुववृत्ताजवळ पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे पॅसिफिकमध्ये हेच करतात. वरचे उबदार पाणी इंडोनेशियाकडे लोटले जाते आणि पेरूच्या किनाऱ्यालगत खोलातले थंड पाणी वर येते. काही वर्षी हे वारे मंदावतात, उबदार पाणी पूर्वेकडे पसरते (हाच एल निनो), आणि ज्या भागात हवा वर चढून ढग बनतात तो भागही पूर्वेकडे सरकतो. आपल्या बाजूला मग हवा खाली उतरण्याचे प्रमाण वाढते, आणि उतरणारी हवा ढगांना वाढू देत नाही. एल निनोचा आणि आपल्या पावसाचा संबंध तो एवढाच.

हा संबंध अटळ मात्र नाही. १९९७ साली एल निनो अतिशय प्रबळ असूनही देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला, कारण त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्व भागापेक्षा अधिक तापलेला होता व त्याने पावसाला आधार दिला; उलट २००२ चा एल निनो त्याहून सौम्य असताना पाऊस ८१ टक्क्यांवरच थांबला. शिवाय हे आकडे चार महिन्यांचे आणि साऱ्या देशाचे आहेत. माळव्यात मोठा पाऊस येतो तो बहुधा बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे ओडिशा, छत्तीसगड ओलांडून इकडे सरकतात तेव्हा. मोसमी पावसाचा कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी गेला की ही क्षेत्रे आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत आणि पावसात खंड पडतो. २०२३ चा ऑगस्ट आठवावा : १९०१ पासूनचा तो देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, नेमका शेंगा भरण्याच्या काळात, आणि सप्टेंबरच्या मध्यात इंदूर भागात शेतांत पाणी साचेल इतका पाऊस पडला.

म्हणून घाई नको. पहिल्या दीड-दोन इंचांवर पेरलेले बी काळ्या जमिनीत फुगते, मोड काढते आणि पुढे आठवडाभर ऊन पडले तर तिथेच मरते. दुबार पेरणीचा खर्च बहुतेक याच घाईतून होतो. एकूण १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंच, पाऊस झाल्यावर आणि वापसा, म्हणजे चिखल ओसरून पेरणीजोगा ओलावा (इकडे ज्याला बतर म्हणतात), आल्यावरच पेरणी करावी. पाऊस गावाचा नव्हे, आपल्या शेतातला मोजावा. उभ्या कडांचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी त्यातील पाण्याची उंची पट्टीने मोजावी, लिहून ठेवावी व डबा रिकामा करावा. या नोंदींची बेरीज कोणत्याही बातमीपेक्षा भरवशाची असते.

मक्याकडे केवळ एल निनोमुळे वळू नये. तुरा व कणसाचे रेशीम येण्याच्या वेळी खंड पडला तर मका सोयाबीनइतकाच, किंबहुना अधिक, मार खातो. त्यापेक्षा सोयाबीनचेच वेगवेगळ्या मुदतीचे दोन-तीन वाण विभागून पेरावेत, म्हणजे एकच खंड साऱ्या पिकाच्या फुलोऱ्यावर येणार नाही. उगवणशक्ती ७० टक्क्यांहून कमी असलेले बी वापरू नये. पेरणी शक्यतो रुंद वरंबा-सरी पद्धतीने, म्हणजे रुंद उंचवट्यांवर पीक व त्यांच्यामध्ये पाण्यासाठी सऱ्या ठेवून, करावी. खंड लांबला तर वेळेवर कोळपणी (ओळींमधली वरवरची माती हलवणे) करून भेगा बुजवाव्यात, गव्हाचे काड ओळींत पसरावे आणि पोटॅशियम नायट्रेटची १ टक्का फवारणी करावी. सरींची तोंडे नाल्याच्या बाजूने उघडी ठेवण्याचे काम मात्र ऑगस्ट कोरडा गेला तरी टाळू नये, सप्टेंबरमध्ये तीच लागतात.