अमेरिकेत एच-४ वर असताना रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजीची असोसिएट डिग्री करावी की रेडिएशन थेरपीची?

तुमचा प्रश्न वाचला. फिजिक्समध्ये बीएस्सी, लग्न झालंय, दोन महिन्यांत नाशिकहून न्यू जर्सीला जायचंय, व्हिसा एच-४, म्हणजे एच-१बी या कामाच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराचा. कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांची डिग्री करायचा विचार आहे, आणि सासरी एकच शंका: 'रेडिएशनमध्ये काम केलंस तर पुढे मुलाबाळांचं काय?'

बारा वर्षांपूर्वी मी जवळपास अशीच आले होते, फक्त नाशिकऐवजी सांगलीहून. आधी एक्स-रेची असोसिएट डिग्री केली, चार वर्षं हॉस्पिटलात एक्स-रे काढले, मग वर्षभराचा रेडिएशन थेरपीचा सर्टिफिकेट कोर्स करून आता कॅन्सर विभागात लिनॅकवर, म्हणजे उपचाराचे किरण सोडणाऱ्या मशीनवर, काम करते. दोन्ही घरचं पाणी प्यायलेय, म्हणून लिहितेय.

आधी व्हिसाचं बोलते, कारण याबद्दल कॉलेजातलं कुणी आपणहून सांगत नाही. एच-४ वर शिकायला पूर्ण मुभा आहे, एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यायची गरज नाही. कोर्समधलं हॉस्पिटलातलं क्लिनिकल बिनपगारी असतं आणि अभ्यासक्रमाचाच भाग असतं, त्यामुळे तेही करता येतं. नोकरीसाठी मात्र ईएडी, म्हणजे काम करण्याचं सरकारी परवानगीपत्र, लागतं. मे २०१५ पासून एच-४ वाल्यांना ते मिळतं, पण तुमच्या यजमानांचं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असेल किंवा त्यांचा एच-१बी सहा वर्षांच्या पुढे वाढवला गेला असेल तरच. 'नोकरी देणारं हॉस्पिटलच मला एच-१बी देईल' या आशेवर राहू नका. एच-१बीला कामासाठी किमान बॅचलर्स डिग्री लागणारी जागा हवी, आणि हे काम असोसिएट डिग्रीवर होतं, तिथेच घोडं अडतं. तेव्हा कॉलेजचा फॉर्म भरायच्या आधी घरात बसून आय-१४० चं कॅलेंडर बघा. डिग्री हातात आणि ईएडी नाही अशी एक मैत्रीण माझ्या वर्गात होती. दोन वर्षं तिने घरी बसून काढली.

आता कोर्सची नावं. रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजी म्हणजे व्यवहारात रेडिओग्राफी: एक्स-रे, फ्लोरोस्कोपी म्हणजे हलता एक्स-रे, ऑपरेशन थिएटरमधलं सी-आर्म नावाचं फिरतं एक्स-रे मशीन, पहाटे पाच वाजता आयसीयूत पोर्टेबल मशीन ढकलत नेऊन काढलेले छातीचे फोटो. त्यावरून पुढे सीटी, मॅमोग्राफी, एमआरआय अशा वाटा फुटतात. रेडिएशन थेरपी म्हणजे कॅन्सरवरचा उपचार. तिथेही रोज फोटो काढतो, पण तो नेम धरण्यापुरता. एक्स-रेच्या खोलीत आपण शंभर-सव्वाशे किलोव्होल्टपर्यंत खेळतो, लिनॅकवर साठ लाख व्होल्टच्या पुढे.

दोन्हींची परीक्षा एकच संस्था घेते: एआरआरटी, मिनेसोटातली, १९२२ पासूनची. २०१५ पासून तिने नियम केलाय की परीक्षेला बसायला किमान असोसिएट डिग्री हवी. ती डिग्री रेडिओलॉजीचीच हवी असं नाही, पण रेडिओग्राफीचं किंवा थेरपीचं शिक्षण मात्र मान्यताप्राप्त कोर्समधूनच झालेलं हवं. म्हणून काही हॉस्पिटलं नुसता सर्टिफिकेट कोर्स चालवतात, डिग्री तुमची आधीचीच. तुमची बीएस्सी त्यात धरतील का, हे त्या कोर्सच्या प्रोग्रॅम डायरेक्टरला ईमेल करून लेखी विचारा. 'हो हो, चालेल' असं फोनवर ऐकून पैसे भरू नका.

पैसे भरण्यावरून आठवलं. इथे आल्या आल्या मी एका खासगी इन्स्टिट्यूटमध्ये पाचशे डॉलर भरून बसले होते. काचेची चकचकीत केबिन, भिंतीवर मानवी सांगाडा, 'नऊ महिन्यांत एक्स-रे टेक्निशियन' असा फलक. मान्यता कोणाची, विचारलं तर बाईंनी एक सर्टिफिकेट दाखवलं, सोनेरी शिक्क्याचं. ती मान्यता संस्थेला होती, रेडिओग्राफीच्या कोर्सला नव्हती. तो कोर्स मर्यादित परवान्याचा होता, म्हणजे फक्त छातीचे किंवा फक्त हाडांचे फोटो काढायचे, एखाद्या डॉक्टरच्या दवाखान्यात. त्यावर एआरआरटीच्या पूर्ण रेडिओग्राफीच्या परीक्षेला बसता येत नाही. पाचशे डॉलर गेले ते गेलेच. तुम्ही कोर्सला जेआरसीईआरटीची मान्यता आहे का एवढं बघा. रेडिओग्राफी आणि रेडिएशन थेरपी दोन्हीचे कोर्स ही संस्था तपासते. आणखी एक सोय अशी की मान्यता असलेल्या प्रत्येक कोर्सला आपल्या वेबसाइटवर तीन आकडे टाकावेच लागतात: पहिल्या प्रयत्नात किती पास झाले, वर्षभरात किती जणांना नोकरी लागली आणि सुरू केलेल्यांपैकी किती जणांनी कोर्स पुरा केला. मी तिसरा आकडा आधी बघते. निम्मे विद्यार्थी मध्येच गळत असतील तर शंभर टक्के निकालाला काय चाटायचंय?

'दोन वर्षांची डिग्री' हे शब्द अर्धसत्य आहेत. अॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, कॉलेज अल्जिब्रा, इंग्रजी कॉम्पोझिशन असे विषय आधी उरकावे लागतात, मगच मुख्य कोर्ससाठी अर्ज. मुख्य कोर्स उन्हाळ्यांसकट सलग चोवीस महिने. सगळं मिळून तीन वर्षं धरा. वर्गात वीस-पंचवीस जागा असतात, अर्ज कितीतरी जास्त, आणि गुण मोजले जातात ते प्रामुख्याने या आधीच्या विषयांचे. तुमच्या बीएस्सीतले गणिताचे क्रेडिट बहुधा धरले जातील. अॅनाटॉमी मात्र तुम्ही शिकलेलीच नाही, ती मन लावून करा, मेडिकल शब्द पाठ करत बसण्याची सवय आपल्याला आहेच. फीचं म्हणाल तर आपल्या काउंटीच्या रहिवाशाला स्वस्त, बाहेरच्याला महाग. मिडलसेक्स काउंटीत राहणार असाल तर एडिसनच्या मिडलसेक्स कॉलेजात रेडिओग्राफी आहे. तुमच्या काउंटीत कोर्सच नसेल तर न्यू जर्सीत 'चार्जबॅक' नावाची सोय असते, दुसऱ्या काउंटीच्या कॉलेजातल्या जास्तीच्या फीचा भार त्यातून हलका होतो. हेही कुणी आपणहून सांगत नाही.

एक खास आपल्यासाठीची अडचण. क्लिनिकलच्या आधी टीबीची चाचणी सक्तीची असते. आपल्याला लहानपणी बीसीजी टोचलेली, त्यामुळे कातडीवरची चाचणी बऱ्याचदा पॉझिटिव्ह दिसते. माझा हात लिंबाएवढा सुजला आणि नर्स दोन पावलं मागे सरकली. तेव्हा आधीच सांगा की बीसीजी घेतलेली आहे, रक्तावरची चाचणी करा.

क्लिनिकलमध्ये काय करतात? एआरआरटीची यादी असते: छत्तीस सक्तीच्या तपासण्या, पंधरा ऐच्छिक. एकेक करून दाखवायची आणि सही घ्यायची. सही होईपर्यंत शेजारी टेक्नॉलॉजिस्ट उभी. फोटो बिघडला आणि पुन्हा काढायचा असेल तर सही झाल्यावरही ती शेजारी हवीच. तुमच्या नावाची आद्याक्षरं असलेले शिशाचे दोन मार्कर मिळतात, एक डावा, एक उजवा. ते हरवले की रडू येतं.

माझी पहिली सही एका आजींच्या छातीच्या फोटोवर झाली. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, खोकला जाईना. माझी टेक्नॉलॉजिस्ट त्यांना गळ्यातलं काढा म्हणून खुणा करत होती आणि आजी दोन्ही हातांनी मंगळसूत्र घट्ट धरून मान हलवत होत्या. सोन्याच्या वाट्या नेमक्या फुप्फुसावर उमटणार. मी म्हटलं, "आजी, काढू नका. वर उचला आणि दातांत धरा." मराठी ऐकून त्यांनी असं काही बघितलं माझ्याकडे! मग हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे, बहात्तर इंचांवर ट्यूब, "मोठा श्वास घ्या, धरा..." फोटो सुरेख आला. मी तो बघत राहिले. इतकी बघत राहिले की मागून टेक्नॉलॉजिस्ट ओरडली, "त्यांना श्वास सोडायला सांग!"

एक्स-रेतला माणूस तीन-पाच मिनिटांचा. हाताला लागलंय, अपघात झालाय, मूल रडतंय, दारुडा शिव्या देतोय, झालं, पुढचा. पाय दिवसभर जमिनीला लागत नाहीत, रात्रपाळी, शनिवार-रविवार, पेशंट उचलून पाठीचं भरीत. पण कंटाळा येत नाही.

थेरपीत उलटं. तोच माणूस सोमवार ते शुक्रवार, रोज त्याच वेळेला, कधी तीन आठवडे तर कधी सात. पहिल्या दिवशी त्याच्या कातडीवर तिळाएवढे गोंदणाचे ठिपके, किंवा चेहऱ्यावर गरम पाण्यातून काढलेल्या जाळीदार प्लास्टिकचा मुखवटा. मग रोज त्या ठिपक्यांवर लेझरची रेघ जुळवायची, मिलिमीटरच्या हिशेबाने. दोघी थेरपिस्ट नाव, जन्मतारीख, आजची फेरी पुन्हा पुन्हा तपासणार. किरण चालू असतात ते काही मिनिटं, बाकी सगळं जुळवणं. दुसऱ्या आठवड्यात तुम्हाला त्याच्या कुत्र्याचं नाव माहीत झालेलं असतं, चौथ्यात त्याचा आवाज बसलेला असतो. शेवटच्या दिवशी घंटा वाजवतात, केक येतो. आणि काही जण मधल्याच एखाद्या सोमवारी येत नाहीत. वेळापत्रकातला तो पंधरा मिनिटांचा चौकोन रिकामा दिसतो, दुपारपर्यंत तिथे दुसरं नाव येतं. हे झेपणार का, याचं उत्तर पगाराच्या तक्त्यात मिळत नाही. दोन्ही विभागांत एकेक दिवस नुसतं उभं राहून बघायची परवानगी मागा. बरीच कॉलेजं अर्जाआधी तसं करायलाच लावतात.

तक्ता हवाच असेल तर मे २०२३ च्या सरकारी आकड्यांनुसार थेरपिस्टचा मध्यम पगार वर्षाला ९८ हजार डॉलरच्या आसपास, एक्स-रेवाल्यांचा ७३ हजारांच्या. आकडा बघून डोळे फिरतात खरे. पण देशभरात थेरपिस्टच्या जागा सोळा-सतरा हजार आणि एक्स-रेच्या दोन लाखांवर. एक्स-रे मशीन कोपऱ्यावरच्या अर्जंट केअरमध्येही असतं, लिनॅक नसतो. यजमानांचा प्रोजेक्ट उद्या ओहायोच्या एखाद्या छोट्या गावात गेला तर तुमची नोकरी तिथे कुठली असेल? एच-४ वरच्या बायकांनी हा प्रश्न आधी विचारावा. म्हणून माझं मत: आधी रेडिओग्राफी, मग जमलं तर वर्षभराचं थेरपीचं सर्टिफिकेट. थेट थेरपीची असोसिएट डिग्री देणारी कॉलेजं आहेत, लाँग आयलंडवरचं नॅसाउ किंवा टेक्ससमधलं गॅल्व्हस्टन, पण ती मोजकी. तुम्ही अशा कॉलेजाजवळ राहणार असाल, हलायचं नसेल आणि तो एक दिवस उभं राहून आल्यावर रात्री झोप लागली असेल, तर माझं ऐकू नका, थेट थेरपी करा.

परीक्षेत दोनशे प्रश्न गुणांचे असतात, पासला ७५ लागतात. हे ७५ म्हणजे टक्के नव्हेत, काठिण्य जुळवून काढलेला आकडा. तीन वर्षांत तीन संधी. शिवाय न्यू जर्सीचा परवाना वेगळा काढावा लागतो.

सासूबाईंची शंका शेवटी घेतली म्हणून ती लहान समजू नका. माझ्याही सासूबाई हेच म्हणत होत्या. त्यांना मी माझ्या बॅजचा रिपोर्ट दाखवला. कॉलरला लावायचा एक छोटा बॅज असतो, तो ठरावीक काळाने तपासायला जातो. कायद्याची मर्यादा वर्षाला ५० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या रेडिएशनचं माप). अमेरिकेतल्या सरासरी माणसालाच निसर्ग आणि वैद्यकीय तपासण्या मिळून वर्षाला सहाच्या आसपास मिळतात. माझ्या रिपोर्टवर बहुतेक वेळा 'एम' येतं, म्हणजे मोजता येईल इतकंही नाही. तुम्ही फिजिक्सवाल्या, व्यस्त वर्गाचा नियम तुम्हाला मी काय सांगू: दुप्पट लांब उभं राहिलं की चौथा हिस्सा. लिनॅकच्या वेळी तर आपण जाड काँक्रीटच्या भिंतीबाहेर असतो आणि बटण बंद की किरण बंद. गरोदरपणी लेखी कळवलंत की पोटाशी दुसरा बॅज मिळतो आणि पूर्ण नऊ महिन्यांची मर्यादा ५ मिलिसिव्हर्टवर येते. कळवणं ऐच्छिक असतं, मी आठव्या आठवड्यात कळवलं होतं. मुलगी आता आठ वर्षांची आहे आणि प्रचंड बडबडते, पण त्याचा दोष रेडिएशनला देता येत नाही, ते आमच्या घरात आहे.

निघायच्या आधी एवढं कराच: विद्यापीठातून सीलबंद ट्रान्स्क्रिप्टची चार पाकिटं घ्या, इथून मागवायला जीव जातो. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड सापडलं तर तेही बॅगेत टाका. माझं आईने रद्दीत घातलं होतं, इथे गोवर-गालगुंडापासून सगळं दोन्ही दंडांवर पुन्हा टोचून घ्यावं लागलं.