विहीर आहे, पण पाणी प्यायचं का?

प्रश्न : आम्ही गोव्यात पर्वरीला राहतो. जुनं घर पाडून बिल्डिंग झाली, 12 फ्लॅट, आजोबांच्या वेळची विहीर मात्र कोपऱ्यात तशीच आहे. नळाला एक दिवसाआड पाणी, टँकर मागवून कंटाळलो. सोक पिट (संडासाचं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा) जवळच असल्याने विहिरीला कोणी हात लावत नाही. ब्लीचिंग पावडर टाकून पाणी वापरलं तर चालेल का? - एक वाचक

उत्तर : वापरा हो, पण पिऊ नका, निदान आत्ता तरी. आधी टेप घेऊन विहीर आणि सोक पिटमधलं अंतर मोजा, 15-18 मीटर तरी हवं, आणि बिल्डिंगच्या प्लॉटमध्ये एवढी जागा कुठली मिळायला! त्यात आपली जमीन जांभ्याची, चिऱ्याला सगळी भोकंच भोकं, घाण पाणी मातीतून गाळलं जायच्या आधीच विहिरीत पोचतं. लोकांना वाटतं पावसाळ्यात विहीर तुडुंब भरली की पाणी चांगलं झालं, पण तेव्हाच जमिनीतलं पाणी वर चढून सोक पिटला भिडतं.

पाण्यातले मैल्याचे जंतू तपासायची एच-टू-एसची छोटी बाटली मिळते, त्यात विहिरीचं पाणी भरून दोन दिवस ठेवा. काळं पडलं तर संडासाचं पाणी मिसळतंय असं समजा.

ब्लीचिंगचं माप 1000 लिटरला अडीच ग्रॅम. विहीर 2 मीटर रुंद आणि पाणी 3 मीटर असेल तर साधारण 9400 लिटर होतात, म्हणजे 24 ग्रॅम पुरे. बादलीत कालवून वरचं निवळ पाणीच विहिरीत सोडा, चुना खाली राहू दे, आणि तासभर पंप लावू नका. जंतू मरतील, पण सोक पिटमधून आलेलं नायट्रेट (मैल्यातून पाण्यात विरघळणारा क्षार) तसंच राहणार, ते उकळूनही जात नाही.

नळाचं म्हणाल तर आपल्या बार्देश तालुक्याचं बरंचसं पाणी दोडामार्गच्या तिळारी धरणातून कालव्याने येतं, तिकडे कालवा फुटला की इकडे बादल्या रिकाम्या. म्हणून तर फ्लश, लादी, गाड्या, झाडं हे सगळं विहिरीवर टाका, टँकर निम्मे होतील.

फक्त पाईप वेगळा घ्या आणि टाकीही वेगळी. आमच्या बिल्डिंगमध्ये प्लंबरने पैसे वाचवायला दोन्ही लाईन एका वॉल्व्हवर जोडल्या, वॉल्व्ह गळला आणि चवथीच्या तोंडावर तीन घरांत जुलाब.