२९ फेब्रुवारी २०२० रोजी आमच्या नावावर कर्ज नव्हते

आपला प्रश्न असा आहे की, महामारीत उत्पन्न बुडालेल्या छोट्या व्यवसायांना सरकारने कर्जाऐवजी थेट रक्कम द्यायला हवी होती का, आणि अशी वेळ पुन्हा आली तर छोट्या व्यावसायिकाने कोणती तयारी ठेवावी.

थेट रक्कम द्यायलाच हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत कसे बनले, ते सविस्तर सांगतो.

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचा छापखाना आहे. वडिलांनी तो सुरू केला आणि आज मी चालवतो. पावतीपुस्तके, हँडबिले अशी कामे वर्षभर असतात, परंतु घर चालते ते लग्नपत्रिकांवर, आणि त्यांचा हंगाम मार्च ते जून असा चारच महिन्यांचा असतो. त्यासाठी कोरी कार्डे फेब्रुवारीतच रोखीने भरून ठेवावी लागतात. २०२० मध्ये गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच होता. २६ एप्रिलच्या अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्ताच्या पत्रिका तोवर छापून, गठ्ठे बांधून तयार होत्या. वधूवरांची नावे, तारीख आणि कार्यालयाचा पत्ता छापलेले कार्ड दुसऱ्या कोणाच्याही उपयोगाचे नसते. पुढे लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आल्यावर तर पत्रिका छापण्याचे कारणच उरले नाही. ज्यांनी थोडी आगाऊ रक्कम दिली होती, त्यांच्याकडे बाकी मागायला माझी जीभ रेटली नाही.

१३ मे २०२० रोजी अर्थमंत्र्यांनी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी तीन लाख कोटी रुपयांच्या तारणविरहित कर्जाची घोषणा केली, तेव्हा मला मोठा आधार वाटला होता. शंभर टक्के हमी सरकारची, बँकेचा व्याजदर ९.२५ टक्क्यांच्या आत, मुदत चार वर्षांची आणि पहिले वर्ष मुद्दल भरायचे नाही, असे तिचे स्वरूप होते. मी कागदपत्रे घेऊन बँकेत गेलो. शाखाधिकाऱ्यांनी खाते पाहिले आणि म्हणाले, "तुमच्याकडून बँकेचे काही येणेच नाही, तर वीस टक्के कशाचे काढू?" योजनेचे मोजमापच तसे होते. २९ फेब्रुवारी २०२० रोजी जेवढे कर्ज बाकी होते, त्याच्या वीस टक्के रक्कम नव्याने मिळणार होती. आमचे कॅश क्रेडिट खाते, म्हणजे मंजूर मर्यादेपर्यंत लागेल तसे पैसे उचलण्याचे कर्जखाते, मी त्याच जानेवारीत पूर्ण फेडून बंद केले होते. आमच्या शेजारच्या मंडप व केटरिंगवाल्यांच्या नावावर पंधरा लाख होते, म्हणून त्यांना तीन लाख मिळाले. त्यांनी ते मजुरांना जगवण्यासाठी वापरले आणि त्याबद्दल मला त्यांचा आदरच आहे. तरीही उत्पन्न दोघांचेही सारखेच बुडाले असताना मदत मात्र बुडालेल्या उत्पन्नावर न मोजता जुन्या कर्जावर मोजली गेली, हा अन्याय मी विसरू शकत नाही.

आमच्याकडे चार कामगार होते. भविष्यनिर्वाह निधीत पगाराच्या २४ टक्के रक्कम सरकारने भरण्याची योजना वीसपेक्षा कमी कामगारांमुळे आम्हाला लागू नव्हती. ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने सोनेतारण कर्जाची मर्यादा सोन्याच्या किमतीच्या ७५ वरून ९० टक्क्यांवर नेली. त्या महिन्यात पत्नीच्या पाटल्या आणि आईची मोहनमाळ बँकेत ठेवून मी पगार दिले. आईने माळ स्वतः काढून दिली, मला मागावी लागली नाही.

माझे थोरले बंधू पुण्यात असतात आणि छापखान्यात त्यांचाही वाटा आहे. कर्ज काढून चार रंगांचे जुने ऑफसेट यंत्र घ्यावे, असा त्यांचा २०१९ पासून आग्रह होता आणि मी तो मानला नाही. तेव्हापासून आजही सणाला एकत्र बसलो की दादा म्हणतात, "माझे ऐकले असतेस तर आईच्या गळ्यातली माळ उतरली नसती." त्यांना मी हा हिशेब समोरासमोर कधीच नीट मांडू शकलो नाही, म्हणून येथे मांडतो. दहा लाखांचे कर्ज असते, तर दोन लाख मिळाले असते. परंतु त्या दहा लाखांवर, अकरा टक्के दर धरला तरी, वर्षाला एक लाख दहा हजार व्याज गेले असते, आणि तेही यंत्र बंद असताना. सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची सवलत होती, परंतु त्या काळातही व्याज चढतच होते. नव्या दोन लाखांचा हप्ता पहिल्या वर्षानंतर दरमहा सुमारे ६,४०० रुपये झाला असता. तो सुरू झाला असता २०२१ च्या जुलैत, म्हणजे दुसरा हंगामही बुडाल्यावर लगेच. कारण २०२१ च्या पाडव्याला, १३ एप्रिलच्या रात्री, राज्यात पुन्हा निर्बंध जाहीर झाले आणि त्याच महिन्यात लग्नासाठी पंचवीस माणसे व दोन तास अशी मर्यादा आली. मंडपवाल्या शेजाऱ्यांची त्या वर्षी झालेली ओढाताण मी डोळ्यांनी पाहिली आहे. केंद्राने ३० मे २०२१ रोजी अशा काही कर्जदारांना एक वर्ष वाढवून दिले, यावरूनच त्या हप्त्यांचे ओझे किती होते, ते दिसते.

उत्पन्नावर मदत मोजणे अशक्य होते, असे मला कोणी सांगू नये. कॅनडाने वेतन अनुदान देताना चालू महिन्याची विक्री आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहण्याची पद्धत ठेवली होती आणि मिळालेली रक्कम परत करायची नव्हती. आमच्या जीएसटी विवरणपत्रांत २०१९ आणि २०२० चा एप्रिल शेजारी शेजारी ठेवला, की सर्व स्पष्ट दिसत होते.

येथे काही गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. ज्यांची जीएसटी नोंदणीच नाही, त्यांना या पद्धतीने मदत मिळाली नसती. पथविक्रेत्यांसाठी दहा हजारांची स्वनिधी योजना आली, पण तीही कर्जाचीच होती. राज्याने एप्रिल २०२१ मध्ये परवानाधारक रिक्षाचालक आणि नोंदणीकृत फेरीवाल्यांना दीड हजार रुपये थेट देण्याचे जाहीर केले. रक्कम लहान होती, परंतु पद्धत योग्य होती. कर्जहमी योजनेने अनेक व्यवसाय तगले, हेही खरे आहे. सरकारी हमी नसती तर त्या वर्षी बँकांनी आमच्यासारख्यांच्या शेजाऱ्यांनाही दारात उभे केले नसते.

तयारीबद्दल थोडक्यात सांगतो. विवरणपत्रे वेळेवर भरावीत, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवावी आणि एका हंगामाचे पगार वेगळ्या ठेवीत असावेत. कर्ज फेडावे, मात्र कॅश क्रेडिट खाते बंद करू नये. बाकी शून्य ठेवली तरी मर्यादा मंजूर असते आणि गरजेच्या महिन्यात अर्ज करत बसावे लागत नाही. जानेवारी २०२० मध्ये मी फेडले ते बरोबर केले, खाते बंद केले ते चुकले. दादांच्या म्हणण्यातला एवढा भाग मला मान्य आहे. २०२२ मध्ये मी ते खाते पुन्हा उघडले, आणि जामीनदार म्हणून त्यावर सही दादांचीच आहे.