टी-टेस्ट म्हटलं की पोटात गोळा

प्रश्न: ताई, मी मास्टर्सच्या दुसऱ्या सेमिस्टरला आहे. दहावीनंतर मॅथ्सचं तोंड बघितलं नाही आणि आता एकदम स्टॅटिस्टिक्स, म्हणजे सॅम्पलिंग, हायपोथेसिस, पी व्हॅल्यू. डेफिनिशन्स सगळ्या पाठ आहेत, पण गाइडनी "टॉपिक काय ठरला?" विचारलं की बोबडीच वळते. वर्गातले म्हणतात पासापुरतं करायचं, पुढे कुठे लागतं हे! मला हे झेपणार नाही का?

उत्तर: अगं, न झेपायला काय झालं! स्टॅटिस्टिक्सची धास्ती मोजायला 1985 मध्येच एक वेगळी प्रश्नावली तयार झाली, म्हणजे बघ किती जुनं दुखणं आहे हे. तिच्यात सहा भाग आहेत आणि आकडेमोड जमत नाही असं वाटणं हा त्यातला फक्त एक. शिक्षकांची भीती वेगळी, मदत मागायची भीती वेगळी, आणि "हे पुढे कुठे लागतं" हे सुद्धा त्यात एक भाग म्हणून मोजतात, तुझ्या वर्गमित्रांना सांग! आता तुझंच बघ, बोबडी वळते ती गाइडसमोर, तिथे गणित कुठे आलं?

पाठांतर मात्र बंद कर. पी व्हॅल्यू 0.05 म्हणजे एवढंच, की मुळात दोन गटांत काही फरक नसता तरी इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसायची शक्यता 5 टक्के. "माझं म्हणणं 95 टक्के खरं" असा त्याचा अर्थ होत नाही, ही चूक भलेभले करतात.

मग एक छोटा प्रश्न घे आणि आठ मैत्रिणींना विचार, काल किती तास झोपलात. सरासरी आणि एसडी (आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत ते) हातानेच काढ, सॉफ्टवेअर नको. आठ कमी वाटतायत? टी-टेस्ट, म्हणजे सरासरींमधला फरक निव्वळ योगायोगाने येऊ शकतो का हे तपासायची पद्धत, जन्मालाच आली ती छोट्या सॅम्पलसाठी, 1908 साली, डब्लिनच्या एका बिअर कारखान्यात काम करणारा गॉसेट 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहायचा, म्हणून ती स्टुडंट्स टी. नंतर त्याच मैत्रिणींना विचार, "शिक्षक आणि अभ्यासक्रम आवडतो का?" कोणीतरी म्हणेलच की शिक्षक आवडतात पण अभ्यासक्रम नाही, मग हो लिहू की नाही? एका प्रश्नात दोन प्रश्न का कोंबायचे नाहीत हे तुला तिथेच कळेल, पुस्तकातलं ते पान परत वाचावं लागणार नाही.

आणि गाइडकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस, हा आठ जणींचा कागद घेऊन जा आणि यात कुठे चुकलं ते विचार.