25 हजारांत मॅक्रो लेन्स घ्यायची तर

नमस्कार. तुमच्याकडे कॅननची 200डी मार्क टू आहे, तिच्यासोबत आलेल्या 18-55 आणि 55-250 या दोन्ही लेन्स आहेत. राहायला चिपळूणजवळ, आणि परसातले किडे, कोळी, पावसाळ्यात सड्यावर (कातळाच्या पठारावर) येणारी बारकी फुलं टिपायची आहेत. बजेट 25 हजार. त्यात कॅननची 35 मॅक्रो घेऊ, 60 घेऊ, की सेकंडहँड 100 शोधू, असं विचारलंय तुम्ही. (हे आकडे लेन्सच्या फोकल लेंथचे, मिलिमीटरमध्ये.)

सरळ सांगतो: आत्ता तिन्हींतली एकही घेऊ नका. आधी 55-250 वर लावायची रेनॉक्सची क्लोजअप लेन्स घ्या आणि एक बरा फ्लॅश घ्या. एक पावसाळा त्यावर काढा. मग उरलेल्या पैशांत थोडी भर घालून 100 शोधा. असं का म्हणतो ते जरा सविस्तर लिहितो, कारण मॅक्रोचा विषय निघाला की नुसती लेन्सची नावं सुचवली जातात आणि घेणारा तीन महिन्यांत कंटाळून लेन्स कपाटात टाकतो. फार वाईट वाटतं ते बघून.

आधी एक काम करा. कंपासपेटीतली पट्टी टेबलावर ठेवा, 55-250 ला 250 वर न्या आणि फोकस होईल तितकं जवळ जाऊन फोटो काढा. डावीकडून उजवीकडे साधारण पावणेआठ सेंटिमीटर दिसतील. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर 22.3 मिलिमीटर रुंद आहे. पट्टीचे तेवढेच, म्हणजे जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर, फोटोभर आले की ते झालं 1:1, खरं मॅक्रो. लेन्सवर 'मॅक्रो' छापलेलं असणं वेगळं. 70-300 च्या जुन्या झूमवर तो शब्द असतो आणि त्या 1:2 पर्यंतच जातात. फुलपाखराला तेवढं पुरतं, मुंगीला नाही. कुठलीही लेन्स बघताना मनात ही पट्टी धरा.

आता अंतराचं. माहितीपत्रकात 'किमान फोकस अंतर' दिलेलं असतं आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते. ते अंतर लेन्सच्या काचेपासून नाही, कॅमेऱ्यातल्या सेन्सरपासून मोजतात. कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला गोलातून आडवी रेघ गेल्याची खूण असते, तिथून. म्हणजे 35 मॅक्रोचं किमान अंतर 13 सेंटिमीटर वाचून बरं वाटतं, पण कॅमेरा आणि लेन्सची लांबी वजा केली की 1:1 ला काचेपुढे उरतात फक्त 3 सेंटिमीटर. मी एका मित्राची 35 घेऊन जास्वंदीच्या पानावरच्या उड्या मारणाऱ्या कोळ्यामागे लागलो होतो. कोळी पानाच्या टोकाला बसलेला, मोठे डोळे माझ्याकडे. आठेक सेंटिमीटरवर गेलो तेव्हा त्याने अख्खं अंग वळवून लेन्सकडे पाहिलं. पाचवर गेलो आणि लेन्सची सावली पानावर सरकली. त्याच क्षणी तो पानाच्या खालच्या बाजूला, आणि माझ्या हातात नुसत्या पानाच्या शिरांचा फोटो. त्या लेन्सच्या पुढच्या कडेला छोटे दिवे बसवलेले आहेत, ते उगाच नाहीत. इतक्या जवळ गेल्यावर बाहेरचा उजेड पोचतच नाही. टेबलावरची नाणी, दागिने, खाण्याचे पदार्थ यांना ती सुरेख आहे. जिवंत किड्याला नाही.

60 मॅक्रोला 1:1 ला काचेपुढे साधारण 9-10 सेंटिमीटर मिळतात, जुन्या 100 ला जवळजवळ 15. ही 15 सेंटिमीटर म्हणजे चतुर बसून राहतो की उडतो यातला फरक.

मग रेनॉक्स का? डीसीआर-250 ही मुळात कॅमेऱ्याचा वाचायचा चष्मा आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचा नंबर +2 असेल, हिचा +8. फोकल लेंथ 125 मिलिमीटर. मागची लेन्स लांबवर फोकस करून ठेवली की गणित अगदी सोपं: झूमचा आकडा भागिले 125. म्हणजे 55-250 ला 125 वर ठेवलंत की 1:1, आणि 250 वर नेलंत की 2:1, कुठल्याही नेहमीच्या मॅक्रो लेन्सच्या दुप्पट. झूम कितीही फिरवा, किड्यापासूनचं अंतर बारा सेंटिमीटरच्या आसपासच राहतं. आणि एक्सटेन्शन ट्यूबमध्ये (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवायच्या पोकळ नळीत) उजेड कमी होतो तसा यात होत नाही. पुढे चिमट्यासारखी खिटी असते, ती 52 ते 67 मिलिमीटर फिल्टरच्या लेन्सला बसते. तुमच्या 55-250 चा फिल्टर 58 चा, म्हणजे आरामात. झूम 100 च्या खाली नेलीत तर कोपरे काळे पडतील, तेवढं सांभाळा. आधी दूरच्या झाडावर ऑटोफोकस करून घ्या, लेन्स मॅन्युअलवर टाका, मगच खिटी लावा.

फुलांसाठी जास्त करून वापरणार असाल तर हिचीच सौम्य बहीण डीसीआर-150 बघा. ती +4.8 ची आहे, 20 सेंटिमीटरवरून काम करते, हाताळायला सोपी. पण किड्यांचं वेड आहे म्हणालात, म्हणून 250.

एक अनुभव सांगतो. आंब्याची पानं शिवून घरटं करणारे लाल हुमले, म्हणजे त्या लाल मुंग्या, तुमच्याकडे असतीलच. त्यांच्या रांगेच्या कडेला एक जण जरा वेगळा चालताना दिसला. 2:1 वर फोटो काढून स्क्रीनवर मोठा केला आणि पाय मोजले, तर आठ! हुमल्याचं सोंग घेणारा कोळी. पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून हलवत होता, आणि चेहऱ्यावर मुंगीला कधीच नसतात तसे दोन मोठे गोल डोळे. नुसत्या डोळ्यांनी मी तो आयुष्यभर हुमलाच समजत आलो असणार. या छंदात मी अडकलो तो त्या फोटोमुळे.

आता फ्लॅश, आणि हा भाग कृपया टाळू नका. 1:1 ला ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) एफ/11 इतकं बारीक ठेवलं तरी एक मिलिमीटरसुद्धा खोली फोकसमध्ये येत नाही. 2:1 ला तर डोळा आला की पाय गेले. म्हणून ॲपर्चर बारीक करावं लागतं, ते केलं की उजेड संपतो, शटर मंद होतं आणि फोटो हलतो. स्टॅबिलायझर इतक्या जवळून फारसा उपयोगी पडत नाही, कारण हाताच्या थरथरण्यापेक्षा आपलं पुढेमागे डोलणं जास्त नडतं. फ्लॅश कमी ताकदीवर ठेवला तर त्याचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकतो आणि सगळं जागच्या जागी गोठतं. मॅन्युअल मोड, शटर 1/200, एफ/11, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) 200, फ्लॅश 1/8 किंवा 1/16 वर, इथून सुरुवात करा. मागचं सगळं काळं आलं तर आयएसओ 800 पर्यंत वाढवा किंवा किड्याच्या मागे एखादं पान येईल असा कोन शोधा.

तुमच्या कॅमेऱ्याची एक गोष्ट मात्र दुकानदारही बऱ्याचदा सांगत नाहीत. 200डी मार्क टू च्या हॉट शूमध्ये (वर फ्लॅश बसवायच्या खाचेत) मधली पिन नाही. मार्क टू च्या आधीच्या 200डी ला ती होती. त्यामुळे एकाच पिनवर चालणारे स्वस्त मॅन्युअल फ्लॅश तुमच्याकडे पेटणारच नाहीत. कॅननच्या ई-टीटीएलचा (कॅमेऱ्याशी बोलून उजेड आपोआप ठरवणाऱ्या पद्धतीचा) फ्लॅश घ्या, आणि घेण्याआधी आपला कॅमेरा दुकानात नेऊन त्यावर लावून उडवून बघा.

उघडा फ्लॅश किड्यावर मारू नका. भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरा जळका डाग येतो आणि बाकी रंग मरतात. गोडेतेलाचा एक लिटरचा प्लास्टिकचा डबा आडवा कापा, आतून स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवा, पुढच्या तोंडाला ट्रेसिंग पेपरचे दोन थर लावा आणि तो लेन्सच्या टोकावर झुकेल असा फ्लॅशला बांधा. उजेडाचा पडदा किड्यापासून जितका जवळ आणि मोठा, तितका तो मऊ पडतो. मी अशा चार-पाच डब्यांनंतर मनासारखा कोन गाठला. पैसे फारसे लागत नाहीत, संध्याकाळ मात्र द्यावी लागते.

फोकस रिंग फिरवत बसू नका. किडा फोटोत किती मोठा हवा ते ठरवा आणि अंग अलगद पुढे न्या. डोळा लखलखला की क्लिक. डाव्या हाताचा अंगठा फांदीला किंवा जमिनीला टेकवा.

पावसाळ्यानंतर 100 घ्यावीशी वाटली तर कॅननची ईएफ 100 एफ/2.8 यूएसएम, लाल पट्टी नसलेली, साधी. फोकस करताना तिची लांबी बदलत नाही, फिल्टर 58 चाच आहे, म्हणजे तीच रेनॉक्स तिच्यावरही बसेल. टॅमरॉनची जुनी 90 आणि टोकिनाची 100 काचेच्या बाबतीत कुठेही कमी नाहीत. पण जवळ जाताना दोन्हींची नळी बाहेर येते आणि समोर दहा-अकरा सेंटिमीटरच उरतात. स्वस्त मिळाली तर बिनधास्त घ्या, फोटोत फरक ओळखू येणार नाही. चिनी कंपन्यांच्या पूर्ण मॅन्युअल मॅक्रो बहुतेक मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी आहेत, त्या तुमच्या कामाच्या नाहीत.

सेकंडहँड घेताना कोकणात राहणाऱ्याने एकच भीती बाळगावी: बुरशी. माझी पहिली सेकंडहँड मॅक्रो मी कुरियरने मागवली. विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोत काच चकाचक होती. हातात आल्यावर मागून टॉर्च मारला तर मधल्या काचेवर कोळिष्टकासारखे पांढरे धागे पसरलेले. त्याने परत घ्यायला नकार दिला, आणि उघडून साफ करायचे पैसे वर गेले. लेन्स प्रत्यक्ष बघा, दोन्ही टोपणं काढा, मोबाइलचा टॉर्च एका बाजूने तिरका धरून दुसऱ्या बाजूने आत पाहा. धूळ असली तरी चालते, धागे किंवा धुकं असेल तर सोडून द्या. घरी आणल्यावर कापडी बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, तळाला सिलिका जेल आणि दोनअडीचशे रुपयांचा छोटा आर्द्रतामापक. काटा 40 ते 50 मध्ये राहू द्या. जेलचा रंग उतरला की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं. रेनॉक्सही त्याच डब्यात.

एक्सटेन्शन ट्यूबबद्दलही विचारलंय. 50 एमएमला त्या चांगल्या, पण 250 ला 36 ची ट्यूब लावून फार काही वाढत नाही. काही शेकड्यांत मिळणाऱ्या, विजेचे संपर्क नसलेल्या ट्यूब तर घेऊच नका, कॅननच्या लेन्सचं ॲपर्चर त्यात उघडंच राहतं. +1, +2, +4, +10 अशी काचांची चळत मिळते तीही नको. एकेरी काच असते, कडांना जांभळे-हिरवे रंग फुटतात.

सड्यावर जाल तेव्हा पालथं झोपावं लागेल. सीतेची आसवं आणि दवबिंदू ही किडे खाणारी रोपं, दोन्ही बोटभर उंचीची आणि दाटीने वाढणारी, त्यामुळे उघड्या कातळाचा तुकडा शोधूनच चटई टाका, रोपांवर नको. दवबिंदूच्या एकाच पानावर 1:1 ला थांबा. प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब असतो, आणि फ्लॅशचा डबा जरा बाजूला कलवलात तर त्या प्रत्येक थेंबात तुमचा ट्रेसिंग पेपर चौकोनी खिडकीसारखा दिसेल. तो फारच मोठा वाटला तर डबा एक वीत मागे घ्या. एखादा चिलट अडकलेला असेल तर त्याला सोडवायला जाऊ नका, झाडाचं जेवण आहे ते. आणि किडा हलू नये म्हणून त्याला फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सकाळी सहा-सातला जा, गारव्यात ते आपणहून शांत बसलेले असतात.