फ्रेंचमधलं 'मांके' हे क्रियापद रोजच्या बोलण्यात नेमकं कसं वापरायचं?

'त्यू म मांक' म्हणजे 'आय मिस यू' हे पाठ आहे, पण बोलायची वेळ आली की 'मी' आणि 'तू' यांची अदलाबदल होते, असं तुम्ही लिहिलंय. माझीही व्हायची. पुण्यात जुजबी फ्रेंच शिकून मी ल्योंला गेले. पहिल्याच दिवाळीला घरी आले, तेव्हा तिथल्या घरमालकीणबाईंना मोठ्या मायेनं मेसेज केला: 'झ वू मांक बोकू.' मला म्हणायचं होतं, तुमची फार आठवण येते. लिहिलं गेलं, 'तुम्हाला माझी फार आठवण येतेय.' बाईंचं उत्तर आलं, 'हो, थोडीशी.'

घोटाळा होतो तो आपण इंग्रजीतून फिरून जातो म्हणून. इंग्रजीत जो झुरतो तो कर्ता. 'मांके'चा मूळ अर्थ मात्र 'नसणं, कमी असणं', त्यामुळे जो जवळ नाही तो कर्ता. आता मराठीत म्हणा: 'तू मला आठवतेस.' त्यू-म-मांक, तू-मला-आठवतेस. क्रमसुद्धा तोच! 'एल म मांक', ती मला आठवते. 'मे पारां म मांक', आई-बाबा मला आठवतात. मराठीत 'आठवतात' असं अनेकवचन आलं की फ्रेंच लिहितानाही अनेकवचनी रूप घ्यायचं. उच्चारात फरक पडत नाही. (ही युक्ती फक्त वाक्याच्या बांधणीपुरती. नुसतं काही आठवायला फ्रेंचमध्ये वेगळं क्रियापद आहे.) 'सा म प्ले', म्हणजे 'हे मला आवडतं', याचीही बांधणी अशीच आहे.

खरं तर विरहापेक्षा जेवणाच्या टेबलावर हे क्रियापद जास्त कानावर पडतं. 'सा मांक द सेल', मीठ कमी आहे. 'इल मांक यून फुर्शेत', एक काटा कमी पडतोय. पहिलं वाक्य यजमानांसमोर जपून वापरा.

बस चुकली तर पुस्तकं 'मांके' शिकवतात आणि ते चूक नाही, पण बोलताना लोक सर्रास 'राते' वापरतात: 'झे राते ल ब्यूस.' तुम्हीही तेच म्हणा.

माझं सगळ्यात लाडकं वाक्य 'इल न मांके प्ल्यू क सा!' आधीच उशीर झालाय, त्यात पाऊस आला, की आपण कपाळाला हात लावून म्हणतो ना, 'आता एवढंच बाकी होतं!', अगदी तेच. घाईत सुरुवातीचं 'इल न' गळून पडतं, नुसतं 'मांके प्ल्यू क सा' ऐकू येतं.

आणि कुणी 'आईंना नमस्कार सांगा' म्हटलं, तर 'झ नी मांकरे पा' म्हणायचं, म्हणजे 'नक्की सांगेन, विसरणार नाही'. हे जरा जुन्या वळणाचं आहे, पण आमच्या घरमालकीणबाईंसारख्या सत्तरीतल्या माणसांची कळी त्यानं लगेच खुलते.